रिकाम्या रस्त्यांचा मुलूख

स्पेनमध्ये सायकल चालवायला जायचं म्हटलं की जाणकार मंडळी तीन नावं हमखास घेतात. मायोर्का बेट, कातालुन्यातलं जिरोना आणि भूमध्य किनाऱ्यावरचं काल्पे. व्यावसायिक संघ हिवाळ्यात तिथं सरावाला उतरतात, त्यांच्या मागोमाग हौशी सायकलस्वार येतात आणि वसंतात तिथल्या घाटांत सायकलींची रांग लागते. रस्ते उत्तम, हवा उबदार, कॉफी जागोजागी. या ठिकाणांना नावं ठेवावीत असं काही नाही. पण मला घाट हवे होते आणि ते शांत हवे होते. पुण्याभोवतालचे घाट मी गेली अनेक वर्षं सायकलवर चढते आहे. तिथं चढापेक्षा पाठीमागून येणाऱ्या ट्रकच्या हॉर्ननेच जीव जास्त दडपतो. माझा भाचा व्हॅलेन्सियात नोकरी करतो. तो म्हणाला, “मावशी, किनारा सोड. तेरुएलला जाऊ. तिथं रस्ते आहेत आणि गाड्या नाहीत.”

तेरुएल हा आरागोनमधला जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे 14,800 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा जरासं कमी. पुणे जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 94 लाख माणसं मोजली गेली. तेरुएलमध्ये आज राहतात 1 लाख 35 हजारांच्या आसपास. त्यातही पूर्वेकडचा माएस्त्रास्गो हा डोंगराळ भाग घेतला तर 1,200 चौरस किलोमीटरांत पंधरा ग्रामपालिका आणि तीन हजारांहून थोडी जास्त वस्ती. चौरस किलोमीटरमागे तीन माणसंही नाहीत. युरोपात इतकी विरळ वस्ती पाहायची तर थेट उत्तर ध्रुवाकडे सरकावं लागतं. म्हणूनच स्पॅनिश वर्तमानपत्रं या पट्ट्याला ‘स्पॅनिश लॅपलंड’ म्हणतात.

आम्ही मे महिन्याच्या अखेरीस निघालो. तेरुएल शहरात विटा आणि हिरव्या-पांढऱ्या चकाकत्या फरशांच्या नक्षीचे मुदेहार शैलीतले मनोरे आहेत. ते 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि त्यांच्यासाठी एक अख्खा दिवस काढावा असे आहेत. 1937-38 च्या हिवाळ्यात स्पेनच्या यादवी युद्धातली एक सर्वांत भीषण लढाई याच शहरासाठी झाली. गोळ्यांबरोबरच थंडीनेही माणसं गारठून गेली. शहराच्या दक्षिणेला खावालांब्रेचा डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावर खगोलशास्त्रीय वेधशाळा आहे आणि तिथवर जाणाऱ्या चढावर ‘व्हुएल्ता’ या स्पेनच्या राष्ट्रीय सायकल शर्यतीचे टप्पे संपले आहेत. 2023 मध्ये तिथं सेप कुस हा अमेरिकी सायकलपटू जिंकला आणि पुढे ती अख्खी शर्यतही त्यानेच जिंकली. भाच्याला त्या चढाची ओढ होती. मला पूर्वेकडची. मावशी मी असल्याने पूर्वेकडे गेलो.

शहराबाहेर पडल्यावर पहिल्याच वळणानंतर चढ लागतो आणि तो काबिगोर्दोच्या खिंडीपर्यंत थांबत नाही. तेरुएल 900 मीटरवर, खिंड 1,600 मीटरवर. मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर. आकडे ऐकून घाबरण्याचं कारण नाही, कारण हा रस्ता अंगावर येत नाही. शेकडा चार-पाच मीटरची चढण, मध्येच एखादा सपाट तुकडा, मग पुन्हा चढण. सोपा गिअर लावायचा, श्वासाला लय सापडली की ती सोडायची नाही. दुतर्फा हिरव्या गव्हात लाल खसखशीची फुलं पेटलेली होती. उंची वाढली तशी शेतं मागे पडली आणि बुटकी जुनिपरची झाडं आली. त्यांच्यामधल्या दगडाळ जमिनीवर रानओव्याचे लहान लहान गादीसारखे झुपके. चाक कडेला जाऊन एखादा झुपका चिरडला की नाकात वास भरायचा. रस्त्याच्या कडेला लाल-पिवळे उंच खांब ठोकलेले होते. हिवाळ्यात बर्फाखाली रस्ता दिसेनासा झाला की बर्फ काढणाऱ्या गाडीला कडा कळावी म्हणून. मे महिन्यातल्या उन्हात ते खांब पाहताना इथल्या हिवाळ्याचा नीट अंदाज येतो.

खिंडीपर्यंतच्या त्या चढावर आम्हाला गाठून पुढे गेलेल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. त्या कशा गेल्या ते सांगायला हवं. स्पेनमध्ये सायकलला ओलांडताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर ठेवलं पाहिजे असा कायदा आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या बाजूच्या मार्गिकेत शिरण्याची चालकाला मुभा आहे. कायदा आपल्याकडेही असतो. इथं तो रस्त्यावर दिसत होता. मेंढ्यांचं खाद्य घेऊन जाणारा एक टेम्पो आमच्या मागे एका आंधळ्या वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत चालण्याच्या वेगाने येत राहिला. हॉर्न नाही, इंजिनाची गुरगुर नाही. समोरचा रस्ता मोकळा दिसल्यावर त्याने पूर्ण पलीकडची बाजू धरली आणि जाताना खिडकीतून हात काढून अंगठा दाखवला. सायकलस्वाराला सन्मान म्हणजे काय, तर एवढंच. माझ्यासाठी हा प्रवास इथंच वसूल झाला होता.

सेद्रियास मागे टाकून आयेपुसच्या बाजूला उतरलं की आल्फांब्रा नदीचं खोरं येतं. तिथं मी बराच वेळ सायकल कडेला टेकवून उभी होते. नदीकाठाने काळ्या पॉप्लरची म्हातारी झाडं एका ओळीत उभी आहेत. बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा, पुरुषभर उंचीच्या थोडं वर गाठीगाठींचं एक प्रचंड डोकं, आणि त्या डोक्यातून सरळसोट वर गेलेल्या फांद्या. जणू कुणी खराटे उलटे करून नदीकाठी रोवले आहेत. हे रूप निसर्गाने दिलेलं नाही. या उंच, थंड प्रदेशात घराच्या वाशांसाठी लांब सरळ लाकूड मिळत नव्हतं. म्हणून शेतकरी पॉप्लरची छाटणी माणसाच्या उंचीच्या वर करत, म्हणजे गुरांचं तोंड कोवळ्या फुटव्यांपर्यंत पोचू नये. दहा-पंधरा वर्षांत फांद्या वाशाएवढ्या झाल्या की पुन्हा छाटणी. बाप छाटायचा, मुलगा छाटायचा, झाड मात्र तेच. या खोऱ्यातल्या जुन्या घरांची छपरं या वाशांवर उभी आहेत. पुढे घरं बांधायची थांबली, लोखंड आणि सिमेंट आलं आणि छाटणारे हात शहरांत गेले. छाटणी थांबलेल्या झाडाच्या फांद्या इतक्या जड होतात की वादळात बुंधाच उभा चिरतो. अशी चिरलेली झाडं आम्हाला दिसली. या झाडांसाठी आता इथं एक सांस्कृतिक उद्यान जाहीर झालं आहे आणि काही जण पुन्हा छाटणीला लागले आहेत. ताजी छाटणी झालेलं एक झाड पाहिलं. बोडक्या डोक्यावर बोटभर हिरवे कोंब सगळीकडून फुटले होते.

पुढे व्हियारोया दे लोस पिनारेस आणि त्यावरची दुसरी खिंड. ती पहिल्यापेक्षाही उंच आहे, पण पाईनच्या सावलीतून जाते. त्यामुळे तिचा त्रास वाटला नाही. पलीकडे फोर्तानेतेकडे उतरताना मात्र ब्रेक दाबत दाबतच गेले, कारण उताराच्या वेगात सगळं सुटून जात होतं. दोन्ही अंगांना डोंगराच्या उतारावर दगडी बांध, एकावर एक, माथ्यापर्यंत. माती नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. एका बांधाजवळ बसून नीट पाहिला. मोठे दगड तळाशी, मधल्या फटींत हाताच्या पंजाएवढ्या चिपा ठोकून बसवलेल्या, आणि सगळ्यांत वरची रांग पुस्तकं कपाटात लावावीत तशी उभ्या दगडांची. वरच्या उभ्या दगडांचा भार खालची बांधणी घट्ट धरतो आणि मेंढ्या त्यावरून उडी मारायला धजत नाहीत. बांधाला मी हाताने रेटा दिला, खांदा लावला. जागचा हलला नाही. सुक्या दगडी बांधकामाची ही विद्या 2018 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, स्पेनसह आठ युरोपीय देशांच्या नावावर. माएस्त्रास्गोत, विशेषतः ला इग्लेसुएला देल सिदच्या परिसरात, तिचं वैभव मैलोन्‌मैल पसरलेलं आहे आणि ते पाहायला तिकीट नाही.

हे बांध मेंढ्यांसाठी होते आणि मेंढ्या लोकरीसाठी. चौदाव्या शतकात या डोंगरांतली लोकर समुद्रमार्गे इटलीत तोस्कानाला जात असे. प्रातोचा प्रसिद्ध व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी याची माणसं ती इथून विकत घेत. आज शंभर-दोनशे वस्तीच्या गावात अचानक एखादा कोरीव छज्ज्यांचा वाडा समोर येतो, तो त्या पैशाचा. बांधांच्या मधोमध एकेकटी दगडी शेतघरं आहेत. त्यांना इथं मासादा म्हणतात आणि तिथं राहणाऱ्या कुळाला मासोवेरो. घर, गोठा, खळं, पावाची भट्टी असं सगळं एकाच अंगणात. आम्ही रस्त्यालगतच्या एका मासादात शिरलो. छप्पर कोसळलेलं, चुलीवरचा धुराचा काळा पट्टा भिंतीवर तसाच, दारात कुणी तरी लावलेलं अक्रोडाचं झाड भरात आलेलं.

ही घरं का ओस पडली? यंत्रं आली, लोकरीला भाव राहिला नाही, बार्सेलोना आणि व्हॅलेन्सियातल्या कारखान्यांना माणसं हवी होती. हे कारण सगळीकडे सांगतात आणि ते खरंच आहे. पण इथं त्याआधी आणखी एक घडलं. यादवी युद्ध 1939 मध्ये संपलं तरी हुकूमशहा फ्रँकोच्या विरोधातल्या गनिमी तुकड्या या डोंगरांत 1952 पर्यंत लढत राहिल्या. त्यांना भाकरी मासादांतून मिळते असा सरकारचा संशय होता. 1947 मध्ये जनरल मानुएल पिसारो तेरुएलचा गव्हर्नर म्हणून आला आणि मासोवेरोंनी रात्री घराला कुलूप लावून, किल्ली सिव्हिल गार्ड या पोलीस दलाच्या हवाली करून, झोपायला गावात यावं असा फतवा निघाला. गुरं तिथं, माणसं गावात. रात्री गनिमाला भाकरी द्यावी तर पोलीस मारणार, न द्यावी तर गनीम. ज्यांनी तेव्हा घर सोडलं त्यांतले कितीतरी परत गेलेच नाहीत. तेरुएल जिल्ह्याची लोकसंख्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या घरात होती. ती निम्म्यावर आली ती अशी टप्प्याटप्प्याने.

तेव्हा मी ज्या शांततेसाठी इतक्या लांब आले होते, ती काही डोंगराची मूळची शांतता नव्हे. इथं माणसं बोलत होती, हाका मारत होती, कुत्री भुंकत होती, भट्ट्या पेटत होत्या. ते सगळं उठून गेल्यावर जे उरलं त्यावर माझी सायकल चालली होती. हे त्या पडक्या घरात लक्षात आल्यापासून पुढच्या प्रवासात माझ्या मनातून गेलं नाही.

वाटेतल्या एका गावात दुपारी पोचलो. दोन ते पाच या वेळात इथं सगळं बंद. खिडक्यांच्या झडपा मिटलेल्या, चौकात कारंज्याच्या चार तोट्यांतून गार पाणी अखंड पडतंय, आणि एकच दार उघडं, बारचं. बार म्हणजे आपल्याकडचा अर्थ घेऊ नये. गावात स्वतंत्र दुकान चालण्याएवढी गिऱ्हाइकं नसतात, म्हणून तेरुएलच्या खेड्यांत एकाच छपराखाली दुकान, खानावळ आणि चार खोल्यांचं लॉज अशी सोय ग्रामपालिकेच्या आधाराने उभी केली आहे. मुलतिसेर्व्हिसियो म्हणतात तिला. जागा ग्रामपालिकेची, चालवणारं कुटुंब बहुधा बाहेरून आलेलं. इथली बाई चाळिशीची, तिच्यामागे फळीवर साबण, बॅटरी सेल, डबाबंद शेंगा आणि पावाच्या लांब लाद्या. कोपऱ्यात गावात आलेली पार्सलं नावं लिहून ठेवलेली. आम्ही खायला मागितलं तेव्हा तिने पाव उभा कापला, त्यावर पिकलेला टोमॅटो घासला, इतका की गर पावात मुरून हातात नुसती साल उरली. मग ऑलिव्ह तेल, मग त्रोंचोनचं चीज. हे चीज इथलंच, शेजारच्या गावच्या नावाचं, ‘दोन किखोते’च्या दुसऱ्या भागात सर्व्हान्तेसने नाव घेऊन उल्लेखलेलं. मेंढी-बकरीच्या दुधाचा तो मंद आंबूस स्वाद, वर तेलाचा कडवटपणा आणि दोन खिंडी चढून आलेली भूक. मी दुसरा पाव मागवला.

टेबलापाशी एक आजोबा पत्ते पिसत बसले होते. भारतातून आलो म्हटल्यावर त्यांनी पत्ते खाली ठेवले. “एवढ्या लांबून इथं? का बरं?” भाच्याने सांगितलं, मावशीला शांत रस्ते हवे होते. आजोबा म्हणाले, “शांत आहेत खरे.” मग स्वतःबद्दल सांगू लागले. एकोणिसाव्या वर्षी बार्सेलोनाला गेले, मोटारींच्या कारखान्यात सगळी नोकरी केली, निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन बापाच्या घरी परतले. मुलं तिकडेच. ऑगस्टमध्ये गावच्या जत्रेला येतात. तेव्हा या चौकात पाय ठेवायला जागा नसते, नातवंडं रात्री दोनपर्यंत कारंज्यापाशी खेळतात. “आणि सप्टेंबरात?” मी विचारलं. त्यांनी बारवालीकडे बोट केलं. “सप्टेंबरात ही असते. हिवाळ्यातही हीच असते. हिने दार लावलं की गाव संपलं.” ती कप विसळत होती. तिने मान वर केली नाही.

फोर्तानेतेनंतर क्वार्तो पेलादोची खिंड आली, 1,600 मीटरच्या वर. झाडं संपतात, वारा सुरू होतो आणि समोर कांताव्हिएखाचा मुलूख उघडतो. कांताव्हिएखा हे माएस्त्रास्गोचं मुख्य ठिकाण, कड्याच्या नाकावर वसलेलं. आधी टेम्पलर सरदारांचं ठाणं, मग एकोणिसाव्या शतकात राजगादीच्या वादातून झालेल्या कार्लिस्ट युद्धांत रामोन काब्रेराचा बालेकिल्ला. काब्रेराला ‘माएस्त्रास्गोचा वाघ’ म्हणत, आणि त्याच्या क्रौर्याच्या गोष्टी इथं अजून सांगतात. तिथून थोडं खाली मिरांबेल, तटबंदी शाबूत असलेलं गाव. वेशीवर ख्रिस्ती जोगिणींच्या मठाच्या खिडक्या आहेत, त्यांना भाजलेल्या मातीची आणि गिलाव्याची नाजूक जाळी. आतली बाई बाहेरचं पाहू शकेल, बाहेरच्याला ती दिसणार नाही. ब्रिटिश दिग्दर्शक केन लोचने ‘लँड अँड फ्रीडम’ या 1995 च्या यादवी युद्धावरच्या चित्रपटातली दृश्यं याच गल्ल्यांत चित्रित केली. फारसं काही बदलावं लागलं नसेल.

आणि आता तो रस्ता, ज्याच्यासाठी आम्ही इथवर आलो. कांताव्हिएखाजवळून फुटणारा आणि एखुल्व्हेच्या पलीकडे हमरस्त्याला मिळणारा ए-1702. लांबी साठ किलोमीटरहून थोडी जास्त. पर्यटनासाठी त्याला ‘द सायलेंट रूट’ असं नाव दिलं आहे. कान्यादा दे बेनातांदुस हे त्यावरचं पहिलं गाव. बाहेरच्या ओट्यावर एक आजी शेंगा सोलत होत्या, त्यांनी हात हलवला. गावात तेवढंच माणूस दिसलं. रस्ता पुढे दरी धरून वळत वळत उतरतो. डांबर गुळगुळीत, कठडे कमी, वळणं अशी की एकातून सायकल बाहेर काढता काढता दुसरीसाठी अंग झुकवायला लागावं. व्हियारलुएंगो येतं ते एकदम, कड्याच्या टोकावर घरं आणि खाली पोकळी. या गावाखाली नदीवर एकेकाळी कागदाच्या गिरण्या होत्या. आज तिथं ट्राउट मासा खायला मिळतो.

पितार्केची नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर मोंतोरोचे ‘ऑर्गन’ समोर उभे राहतात. चुनखडीचे थर भूगर्भातल्या दाबाने उभे झाले आणि पावसा-बर्फाने त्यांच्यात खोल उभ्या खाचा पाडल्या. चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांसारखे शेकडो फूट उंच सुळके. आम्ही सायकली आडव्या टाकल्या आणि वर पाहत बसलो. सुळक्यांच्या माथ्यावरून गिधाडं हवेत उतरत होती. एक, दोन, मग पाच, मग मोजणं सोडलं. पंख न हलवता ती कड्याला चिकटून तरंगत आली, आमच्या डोक्यावरून इतकी खालून गेली की पिसांमधून जाणाऱ्या हवेचा सळसळाट ऐकू आला. त्या रस्त्यावर दुसरा आवाज नव्हता, म्हणून तो ऐकू आला.

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुराभोवती गिधाडं बसलेली मी पाहिली आहेत. माझ्या भाच्याने ती पाहिली नाहीत. गुरांना देण्यात येणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गिधाडांचं मूत्रपिंड निकामी करतं. असं औषध दिलेली गुरं खाऊन भारतातली गिधाडं पंधरा-वीस वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक गेली. भारताने 2006 मध्ये गुरांसाठी हे औषध बंद केलं. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात म्हसळ्याच्या बाजूला लोकांनी धडपडून थोडी वाचवली. युरोपातल्या ग्रिफन गिधाडांपैकी बहुतांश स्पेनमध्ये आहेत, आणि याच स्पेनने भारताचा अनुभव जगजाहीर झाल्यानंतर, 2013 मध्ये, डायक्लोफेनॅकला पशुवैद्यकीय वापरासाठी परवानगी दिली. 2020 मध्ये कातालुन्यात या औषधाने मेलेलं काळ्या गिधाडाचं पिल्लू सापडलं. तरी परवानगी मागे घेतलेली नव्हती. गुरांवर चालणारी आणि गिधाडांना न मारणारी दुसरी औषधं आहेत. मेलॉक्सिकॅम हे त्यांतलं एक. त्या सुळक्यांखाली बसून मला या निर्णयाचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. आपल्या आकाशातून जे गेलं ते त्यांच्या आकाशातून जायला नको.

तिथून पुढे माखालिनोसच्या खिंडीचा चढ. हा मात्र अंगावर येतो. नदीच्या तळापासून 1,450 मीटरपर्यंत, भर उन्हात. या भागात 2009 च्या जुलैत मोठा वणवा लागला होता. कोवळे पाईन पुन्हा उभे राहिले आहेत, पण सावलीपुरते अजून मोठे झालेले नाहीत. भाचा माझ्या पुढे अर्धं चाक ठेवून चालला होता, बोलत नव्हता. खिंडीतून मागे वळून पाहिलं तर आम्ही आलो तो अख्खा रस्ता डोंगरावर पांढऱ्या रेघेसारखा पडलेला होता आणि त्यावर काहीही हलत नव्हतं.

एखुल्व्हेत उतरल्यावर सज्ज्यांतून लटकवलेले फलक दिसले. पवनचक्क्यांविरुद्धचे. या डोंगरांच्या धारांवर शंभराहून अधिक महाकाय पवनचक्क्या उभारण्याचा प्रकल्प आहे आणि त्यावरून गावागावांत दोन तट पडले आहेत. विरोध करणाऱ्यांची घोषणा आहे: अपारंपरिक ऊर्जा हवी, पण अशी नको. बाजूने असणारे म्हणतात, ग्रामपालिकेला भाडं मिळेल, तरच शाळा आणि बार चालतील. दोघांचंही म्हणणं मी ऐकलं. मला विरोध करणाऱ्यांचं पटलं, कारण या जिल्ह्याचा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. जवळच आलियागाला 1952 मध्ये कोळशावरचं वीजकेंद्र उभं राहिलं, 1982 मध्ये बंद पडलं. त्याचा सांगाडा आजही नदीकाठी आहे. मग याच जिल्ह्यातल्या आंदोरा गावाचं मोठं वीजकेंद्र आलं. ते 2020 मध्ये बंद झालं आणि 2022 मध्ये त्याचे तीन शीतक मनोरे सुरुंग लावून पाडले. वीज शहरांना गेली, लोकर इटलीला गेली, माणसं बार्सेलोनाला गेली. इथं राहिलं ते थोडकंच, आणि आता वाराही बाहेरच जाणार.

पण तेरुएलची माणसं गप्प बसलेली नाहीत. ‘तेरुएल एक्सिस्ते’, म्हणजे ‘तेरुएल आहे’, या नावाची नागरिक चळवळ 1999 पासून रेल्वे, दवाखाने आणि रस्ते मागते आहे. 2019 च्या मार्चमध्ये ओस पडलेल्या जिल्ह्यांतले हजारो लोक माद्रिदच्या रस्त्यांवर उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात या चळवळीने निवडणूक लढवली आणि संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक जागा जिंकली. जानेवारी 2020 मध्ये पेद्रो सांचेझ यांचं सरकार 167 विरुद्ध 165 मतांनी आलं, त्या 167 मध्ये तेरुएलचं ते एक मत होतं. पुढच्या, 2023 च्या निवडणुकीत ती जागा गेली. चळवळ आहे.

तुम्ही सायकल चालवत असाल तर या रस्त्यांवर जरूर जा. मे ते जूनच्या मध्यापर्यंत किंवा सप्टेंबरात जा. मधल्या महिन्यांत ऊन कडक असतं आणि दुपारी गारांची वादळं येतात, हिवाळ्यात खिंडी बर्फाखाली असतात. व्हॅलेन्सियाहून आणि सारागोसाहून तेरुएलला रेल्वे आहे. सायकल नेता येईल का ते मात्र आधी विचारून घ्या. गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं आहे. सोपे गिअर असलेली सायकल घ्या, रोख पैसे जवळ ठेवा, मुक्कामाला आधी फोन करून ठेवा आणि दुपारी दोनच्या आत कुठल्या तरी गावात पोचा. एक मात्र आवर्जून सांगते. खाण्याचं सामान शहरातल्या सुपरमार्केटमधून भरून नेऊ नका. पाव, चीज, कॉफी, केळी, जे काही लागेल ते वाटेतल्या गावातल्या त्या एकुलत्या एक दुकानातून घ्या, आणि संध्याकाळी किनाऱ्यावरच्या हॉटेलात परतण्याऐवजी रात्र त्याच गावात काढा.